नांदायला न गेलेल्या डॉ. रखमाबाई

स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्या, म्हणून आपल्या चिटणीसबाई दोन महिने माझ्या मागे लागल्या होत्या. मागच्या स्मरणिकेत मी उपवासाचे पदार्थ दिले होते. यंदाही तसेच काही देऊन सुटावे, असा माझा विचार होता. परंतु मध्यंतरी मंडळाच्या हातून एक गोष्ट घडली, आणि तिच्यामुळे डॉ. रखमाबाईंच्या चरित्राकडे मी वळले. ती गोष्ट काय, ते पुढे ओघाने येईलच.

रखमाबाईंचे नाव आपल्यापैकी पुष्कळजणींच्या कानावरून गेले असेल. आपल्या देशात प्रत्यक्ष वैद्यकी करणाऱ्या अगदी पहिल्या स्त्री-डॉक्टरांपैकी त्या एक, एवढे मलाही ठाऊक होते. डॉक्टर होण्याआधी त्यांच्या वाट्याला काय आले, हे मात्र नीटसे ठाऊक नव्हते. खरे म्हणजे डॉक्टरकी हा त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध आहे. पूर्वार्ध कोर्टात गेला.

त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. आई जयंतीबाई त्या वेळी जेमतेम पंधरा वर्षांच्या. वडील जनार्दन पांडुरंग हे रखमा दोनअडीच वर्षांची असतानाच वारले. म्हणजे सतराव्या वर्षी जयंतीबाईंना वैधव्य आले. त्यांच्या ज्ञातीत विधवेला पुन्हा लग्न करण्याची मोकळीक होती, हे त्यांचे नशीब. काही वर्षांनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी त्यांचा विवाह झाला. डॉ. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक होत. दुसरे लग्न करण्यापूर्वी जयंतीबाईंनी पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. आईने लेकीच्या हिताचे म्हणून केले खरे. पण याच मालमत्तेमुळे पुढचा गुंता अधिक घट्ट झाला, असे मला चरित्र वाचताना वारंवार वाटले.

रखमाचे लग्न अकराव्या वर्षी झाले. मुलगा दादाजी भिकाजी, वय एकोणीस, सावत्र वडिलांच्या नात्यातलाच. त्याची परिस्थिती बेताची होती. म्हणून त्याने सासुरवाडीस घरजावई राहावे, शिकावे, चांगला माणूस व्हावे, असे ठरले होते. कागदावर बेत चांगला होता. परंतु एकोणीस वर्षांच्या मुलाला पुन्हा शाळेच्या बाकावर बसवणे किती कठीण, हे मुलांच्या आयांना सांगायला नको. दादाजींना ते शिकणे रुचले नाही. त्यांनी अभ्यास सोडला, सासऱ्यांचे घर सोडले आणि ते आपल्या मामांकडे जाऊन राहिले. त्या घरचे वळण रखमाबाईंना मुळीच पसंत नव्हते.

इकडे लग्नाला सातआठ महिने होतात तोच रखमाला न्हाण आले. त्या काळी मुलगी न्हातीधुती झाली की गर्भाधानाचा विधी उरकून तिला नवऱ्याच्या स्वाधीन करीत. दादाजींच्या बाजूने तशी मागणी झाली. डॉ. सखाराम अर्जुन यांनी ती साफ नाकारली. ते डॉक्टर होते. बारा वर्षांच्या कोवळ्या मुलीवर मातृत्व लादले तर तिच्या शरीराचे काय होते, हे त्यांना पक्के माहीत होते. आपल्या पत्नीचे उदाहरण तर त्यांच्या डोळ्यांसमोरच होते. सावत्र बापाविषयी आपल्याकडे काय काय बोलले जाते! परंतु या मुलीच्या बाजूने पहिला नकार दिला तो सावत्र बापाने, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

लग्न झाले तशी रखमाची शाळा सुटली. मात्र तिचे वाचन सुटले नाही. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणवून ती घरीच वाचीत असे. वडिलांच्या घरी सुधारक मंडळींची ये-जा असे. ती प्रार्थनासमाजाच्या व आर्य महिला समाजाच्या साप्ताहिक सभांना जाऊ लागली. आठवड्यातून एकदा चार बायकांनी एकत्र जमून बोलायचे, ऐकायचे, एवढेच ते असे. आपल्या गुरुवारच्या बैठकीला उगीच वेळ घालवणे म्हणणारे लोक आपल्याही घरात आहेत, म्हणून हे लिहिले.

अशी आठ वर्षे गेली. मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्नीला पाठवून देण्याची मागणी केली. नकार मिळताच त्यांनी हायकोर्टात दावा लावला. दाव्याचे स्वरूप असे की, ही माझी लग्नाची बायको, तिने माझ्या घरी येऊन माझ्याशी सहवास करावा, असा कोर्टाने हुकूम करावा. रखमाबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. नवऱ्याची प्रकृती बरी नाही, पोट भरण्याचे साधन नाही, तो राहतो ते घर योग्य नाही, ही कारणे त्यांच्या बाजूने दिली गेली. परंतु या कारणांच्या तळाशी एक निराळीच गोष्ट होती, व ती त्या काळी कोणी उच्चारलीही नव्हती. माझे लग्न लावले तेव्हा मी अजाण होते, मला कोणी विचारले नाही, मी होकार दिला नाही. म्हणून हे लग्न मला बांधून ठेवू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

आज आपल्याला हे साधे वाटते. तेव्हाच्या समाजात हे केवढे होते, याचा विचार करावा. लग्न हा संस्कार. तो आईबाप करतात, अग्नी साक्षी असतो, आणि कन्या ही दान म्हणून दिली जाते. दान दिलेल्या वस्तूला तिची मर्जी कोण विचारतो? आपली भाषाच पहा. लग्नात नांदा सौख्यभरे असा आशीर्वाद आपण दोघांना देतो. परंतु दुसऱ्या दिवसापासून नांदायचे ते एकट्या बाईने. पुरुष नांदत नाही, तो नांदवतो. मुलगी माहेरी येऊन राहिली की शेजारपाजारचे विचारतात, नांदत नाही का? मुलगा नांदत नाही का, असे कोणी विचारल्याचे मी तरी ऐकले नाही. मी पस्तीस वर्षे मराठीत संसार करते आहे. हे माझ्या ध्यानात आले ते रखमाबाईंमुळे.

दाव्याचे काम चालण्यापूर्वीच, १८८५ सालात, डॉ. सखाराम अर्जुन वारले. पाठीराखा गेला. त्याच वर्षी जून व सप्टेंबर महिन्यांत टाइम्स ऑफ इंडियामध्ये एका हिंदू स्त्रीची दोन पत्रे छापून आली. एक बालविवाहावर होते, दुसरे सक्तीच्या वैधव्यावर. पत्रांखाली नाव नव्हते. ती रखमाबाईंची होती, हे पुढे सर्वांना कळले. बालविवाहाने मुलीचे शिक्षण बुडते, शरीर खचते, मन कुजते, आणि मुलाचे मात्र त्या मानाने काहीच बिघडत नाही, हा त्यांतील विचार. घरी बसून इंग्रजी शिकलेल्या मुलीने हे लिहावे, याचे लोकांना नवल वाटले. कित्येकांना ते तिने लिहिले असेल हेच खरे वाटेना.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला. हे दोघे कधी एकत्र राहिलेच नाहीत, तेव्हा जे नव्हतेच ते परत मिळवून देण्याचा प्रश्न येतो कुठे, असे त्यांनी म्हटले. आणखी एक महत्त्वाची गोष्ट त्यांनी दाखवून दिली. बायकोला सहवासासाठी कोर्टामार्फत ओढून आणण्याचा हा दावा मुळात इंग्लंडातला, तेथील चर्चच्या न्यायालयांतून आलेला. हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही. असा हुकूम देणे त्यांना रानटीपणाचे वाटले. दावा फेटाळला गेला. रखमाबाईंच्या वकिलांत काशीनाथ त्र्यंबक तेलंग होते, हेही नमूद करावयास हवे.

झाले! सगळीकडे गदारोळ उडाला. कोर्टाने हिंदू धर्मात हात घातला, अशी ओरड झाली. केसरी आणि मराठा ही टिळकांची पत्रे रखमाबाईंच्या विरुद्ध गेली. बाई इंग्रजी शिकली म्हणून शेफारली. बायका अशा वागू लागल्या तर घरे राहतील कशी, असा एकूण सूर होता. टिळकांविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो आहेच. माझे आजोबा त्यांची तसबीर देवघराशेजारी लावीत. पण म्हणून या प्रकरणी त्यांचे बरोबर होते असे मला म्हणवत नाही. आणि गंमत अशी की, ज्या कायद्याच्या जोरावर धर्माभिमानी मंडळी ही बायको मागत होती, तो त्यांच्या धर्माचा नव्हताच, साहेबाचा होता. साहेबाने तरी तो आपल्या घरी पूर्वीसारखा कुठे ठेवला होता? हुकूम न मानणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद इंग्लंडने १८८४ सालीच काढून टाकली होती. इथे मात्र ती चालू राहिली.

दादाजींनी अपील केले. १८८६ साली मुख्य न्यायमूर्ती सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी पिन्ह्यांचा निकाल फिरवला आणि दावा पुन्हा चालवण्यास सांगितले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की रखमाबाईंनी नवऱ्याकडे जाऊन राहावे, नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद भोगावी. जेमतेम आठवड्यापूर्वी, २६ फेब्रुवारीला, अमेरिकेहून पदवी घेऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यास वारल्या होत्या. नवऱ्याने हट्टाने शिकवलेली एक, आणि नवऱ्याकडे जाण्यास नकार देणारी दुसरी. दोघींचे नाव एकाच आठवड्यात लोकांच्या तोंडी होते.

रखमाबाईंनी काय ठरवले? त्यांनी तुरुंग पत्करला. नको असलेल्या पुरुषाच्या घरी जाण्यापेक्षा कैद बरी, हे त्यांनी उघड सांगितले. त्या वेळी त्या बावीस वर्षांच्या होत्या.

इथे मला आपल्या मंडळाची ती गोष्ट सांगायची आहे. जवळच्या चाळीतली एक मुलगी लग्नानंतर दीड वर्षाने माहेरी परत आली. तिची आई रडत माझ्याकडे आली. आपल्या मंडळातल्या आम्ही तिघी जणी मोठ्या पोक्तपणाने त्या मुलीला समजवायला गेलो. मारहाण करतो का, म्हणून विचारले. ती नाही म्हणाली. दारू पितो का? नाही. मग काय झाले, हे तिला सांगता येईना. ती खाली मान घालून एवढेच म्हणाली की, रात्री माझ्या मनाविरुद्ध होते. आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिले. त्यातल्या एकीने, म्हणजे मीच, तिला सांगितले की, सुरुवातीला सगळ्यांचेच असे होते, हळूहळू सवय होते. आम्ही तिची बॅग भरून दिली. ती गेली. पाच महिन्यांनी ती परत आली तेव्हा बोलेनाशीच झाली होती. कोर्टाने रखमाबाईंना जे सांगितले तेच आम्ही तिला सांगितले होते. आम्हाला तर कैदेची धमकीही द्यावी लागली नाही.

असो. रखमाबाईंच्या पाठीशी माणसेही उभी राहिली. बेहरामजी मलबारी यांनी बालविवाहाविरुद्धची चळवळ आधीपासूनच चालवली होती. त्यांनी हे प्रकरण देशभर आणि इंग्लंडातही पोचवले. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपॉल वर्डस्वर्थ यांच्यासारखे लोक मदतीला आले. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात या खटल्याची हकीकत लिहिली. दुसरीकडे दादाजींनीही १८८७ साली आपली बाजू छापून प्रसिद्ध केली. सासुरवाडीच्या लोकांनी मालमत्तेसाठी मुलीला अडवून धरले, असा त्यांचा आरोप होता. त्याला रखमाबाईंनी छापील उत्तर दिले. एका जोडप्याच्या खोलीतली गोष्ट अशी वर्तमानपत्रांच्या रकान्यांत आली. ज्या काळी नवऱ्याचे नाव घ्यायला उखाणा लागे, त्या काळी एका स्त्रीने हे सोसले. दादाजींचीही मला कधीकधी कीव येते. त्यांनाही एकोणिसाव्या वर्षी कोणी विचारले नव्हते. पण त्यांना दुसरे लग्न करण्याची मुभा होती, आणि ते त्यांनी पुढे केलेही.

शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी न करण्याचे कबूल केले. तुरुंग टळला. मात्र घटस्फोट झाला नाही, कारण तशी सोय हिंदू कायद्यात नव्हतीच. नवरा दुसऱ्या बायकोचा संसार करीत होता, आणि ही त्याची पत्नी म्हणून कागदावर तशीच होती.

पुढे काय, हा प्रश्न होता. मुंबईच्या कामा इस्पितळाच्या प्रमुख डॉ. इडिथ पेची यांनी त्यांना वैद्यकी शिकण्यास प्रोत्साहन दिले व पैसे उभे करण्यास मदत केली. (माझी थोरली मुलगी याच कामा इस्पितळात जन्मली. तिथल्या जिन्यावरून मी किती वेळा चढले-उतरले असेन, पण हा इतिहास मला कोणी सांगितला नव्हता.) १८८९ साली रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. अकराव्या वर्षी शाळा सुटलेली ही बाई १८९४ साली डॉक्टर झाली.

त्या तिकडे शिकत असताना इकडे त्यांच्या खटल्याने उठलेले वादळ शमले नव्हते. १८८९ मध्ये कलकत्त्यास फुलमणी नावाची दहाअकरा वर्षांची विवाहित मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मरण पावली. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, आणि पत्नीशी शरीरसंबंधाचे किमान वय दहावरून बारावर गेले. केवळ दोन वर्षांनी! त्यावरही केवढे रण माजले. आज हे आकडे वाचताना अंगावर काटा येतो.

१८९५ साली परत येऊन रखमाबाईंनी सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाची सूत्रे हाती घेतली आणि वीसबावीस वर्षे तेथे काढली. प्लेगच्या साथीतही त्यांनी काम केले. नंतर राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात सुमारे बारा वर्षे. पुरुष डॉक्टरला हातही दाखवायचा नाही, अशा घरांतल्या बायका त्यांच्याकडे येत. बाळंतपणे, रक्तस्राव, कोवळ्या वयातली गर्भारपणे, हे सगळे त्यांनी रोज पाहिले. ज्या बारा वर्षांच्या मुलीला त्यांच्या वडिलांनी वाचवले होते, तशा मुली आता त्यांच्यासमोर खाटेवर येत होत्या. निवृत्त झाल्यावर त्या मुंबईस येऊन राहिल्या. त्याच सुमारास, १९२९ मध्ये, पडदा बंद झाला पाहिजे म्हणून त्यांनी एक पुस्तिका लिहिली. खटल्याविषयी मात्र त्या काळानंतर त्यांनी फारसे लिहिले-बोलले नाही.

एका गोष्टीवरून आमच्या गुरुवारच्या बैठकीत चांगलाच वाद झाला. १९०४ साली दादाजी वारले. ते ऐकून सुरतेत असलेल्या रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. ज्याला नवरा मानले नाही, ज्याच्या घरचा उंबरा ओलांडण्यापेक्षा तुरुंग बरा म्हटले, त्याच्यासाठी वैधव्य? आमच्यातल्या तरुण मुली फार हिरमुसल्या. एक म्हणाली, शेवटी हरल्याच त्या. एका आजींना उलट वाटले. बाई खानदानी होती, असे त्या म्हणाल्या. एकीने विचार मांडला की, सुरतेच्या जुन्या वळणाच्या घरांत शिरायचे तर लोकांच्या डोळ्यांत खुपेल असे काही नको, म्हणून केले असेल. त्यांच्या रोग्यांनी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलावे, यासाठीही ते असू शकेल.

मला स्वतःला असे वाटते की, रखमाबाईंचा झगडा रीतिरिवाजाशी नव्हताच. लुगडे कोणत्या रंगाचे नेसायचे, हे त्यांनी आपल्या मनाने ठरवले. कोणाच्या अंथरुणात जायचे नाही, हेही त्यांनीच ठरवले होते. दोन्ही वेळा कोणी दुसऱ्याने ठरवले नाही. आजी यावर हसल्या आणि म्हणाल्या की, तुम्ही शिकलेल्या बायका कशाचाही अर्थ लावता. तेही खरे असेल.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी रखमाबाई नव्वद वर्षांच्या होऊन वारल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्यात घटस्फोटाची सोय झाली, एका नवऱ्याला एकच बायको असा नियम झाला. या दोन गोष्टी त्यांच्या तरुणपणी असत्या, तर! पण त्याच कायद्याच्या नवव्या कलमात दादाजींचा दावाही शाबूत ठेवला गेला. नवरा किंवा बायको सबळ कारणावाचून वेगळी राहिली, तर दुसऱ्याला सहवास परत मिळावा म्हणून कोर्टात जाता येते. आता त्यासाठी कैद होत नाही. ती तरतूद १९२३ मध्येच गेली. मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि हुकमानंतर वर्षभर दोघे एकत्र आले नाहीत तर कोणालाही घटस्फोट मागता येतो. १९८३ साली आंध्र प्रदेशच्या हायकोर्टाने हे कलम स्त्रीच्या शरीरस्वातंत्र्याविरुद्ध आहे म्हणून रद्द ठरवले. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते पुन्हा उचलून धरले. ज्या इंग्लंडातून ते आले, तेथे १९७० साली हा दावाच बंद झाला.

हे सगळे मला वकिलांनी समजावून सांगितले. मला कायद्यातले काही कळत नाही. वकिलांकडे जाण्याचे कारण असे की, त्या चाळीतल्या मुलीला कोर्टाचा कागद आला. कलम नऊ. ती तो कागद घेऊन माझ्याकडेच आली. मी पूर्वी तिला जे सांगितले होते, त्यानंतर तिने माझ्या दारात का यावे, हे मला समजले नाही, आणि मी विचारलेही नाही. मी तिला चहा केला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचे सगळे शेवटपर्यंत ऐकून घेतले. मधे एकदाही काही सुचवले नाही. तारीख वर्धापनदिनाच्या पुढच्या आठवड्यातली आहे, सकाळी साडेदहाची. मी तिच्याबरोबर जाणार आहे. त्या दिवशी शिवणवर्गाला माझी सुट्टी समजावी.